पाटी रंगवण्याआधी

(युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसं बरंचसं ठेवलंय. मधे टाळ्या होत्या आणि शिव्याही होत्या. दोन्ही गाळल्या.)



मी व्याख्याता नाही. गोदीत काम करतो, ठेकेदाराच्या टोळीत. काल रात्रपाळीला लोखंडी पत्र्याचे रोल उतरवत होतो. तेव्हा मधेच जांभई दिली तर माझाच विषय मला कंटाळवाणा झालाय असं समजू नका. शिक्षण दहावी पास. आमची आजी त्याला अजून म्याट्रिक म्हणते आणि गावभर सांगते. कविता करतो हे तुम्हाला माहीत आहे, पण आज कविता नाही. आज पाटीवर बोलायचंय. वस्तीच्या तोंडाला लोखंडी खांबावर ठोकतात ती पाटी.

मागच्या बैठकीत ठराव आला. बंदरावरच्या आपल्या वस्तीचं नाव बदलून भीमनगर करायचं, १४ एप्रिलच्या आत पाटी लावायची. हात वर करा म्हणाले. सगळे हात वर गेले, माझा गेला नाही. तेव्हापासून चार दोस्त माझ्याशी धड बोलत नाहीत. एक तर तोंडावर म्हणाला, 'तू महारवाड्याचा राखणदार!' हे मला लागलं. बापाच्या शिव्या पचवल्यात, मुकादमाच्या पचवल्यात, ही नाही पचली. म्हणून उभा आहे.

आधी नावं पडतात कशी ते बघू. मशीद बंदरापासून शिवडीकडे चालत जा. दाणाबंदर. इथं धान्य उतरायचं. लकडी बंदर, इथं लाकूड. कोळसा बंदर, इथं कोळसा. दारूखाना म्हटलं की बाहेरचा माणूस हसतो, त्याला वाटतं गुत्त्यांची रांग असणार. ती दारू बंदुकीची. नंतर तिथं जहाजं तोडायचा धंदा आला, नाव तेच राहिलं. आता बघा, हमालाच्या डोक्यावर जे होतं ते जागेचं नाव झालं. दाणा नावात आला, लाकूड आलं, कोळसा आला. ज्याच्या मानेला घट्टे पडले तो आला नाही. या सगळ्या पट्ट्यात हमालबंदर नावाचं बंदर नाही.

मग साहेब आला. त्यानं आपल्या गव्हर्नरांची नावं ठोकली. रे रोड, सँडहर्स्ट रोड. गोदीला लागून जाणारा लांबलचक फ्रिअर रोडही एका गव्हर्नराचाच. स्वातंत्र्यानंतर त्याचा पी. डिमेलो रोड झाला. डिमेलो म्हणजे गोदी कामगारांचा पुढारी. एवढा एक रस्ता आपल्या बाजूचा. ट्रकवाल्यांना विचारा डिमेलो कोण, सांगता येणार नाही, पण नाव तोंडात आहे. हेही थोडं नाही.

मार्च २०२४ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं साहेबी नावाची स्टेशनं बदलायला मान्यता दिली. सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, डॉकयार्ड रोडचं माझगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी. साहेबाच्या नावासाठी रडायला मी काही त्याचा खानसामा नाही. सँडहर्स्ट गेला तर जाऊ दे. पण कॉटन ग्रीन हा कुणी लाटसाहेब नव्हता. तिथं कापसाची गुदामं होती, गासड्या होत्या, आणि त्या गासड्या वाहणारे आपले आजे-पणजे होते. सगळ्यांना एका दाव्याला बांधून एकच ठराव. नाव बदलणारा माणूस हे नाव कसं पडलं ते विचारत नाही, ही पहिली खूण धरून ठेवा. पुढं लागेल.

कामाठीपुऱ्याचं घ्या. तेलुगू मुलखातून आलेले कामाठी, हे शहर बांधणारे मजूर, तिथं राहिले म्हणून कामाठीपुरा. म्हणजे चक्क कष्टकऱ्याचं नाव. त्याचं आज काय झालंय? तिथला पोरगा नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना पेन थांबवतो. नावात खोट नव्हती. शहरानं आपली सगळी घाण त्या गल्ल्यांत लोटली आणि नंतर नावाला नाक मुरडलं. उद्या तिथं टॉवर उभे राहतील, त्यांना काहीतरी हाइट्स म्हणतील. मग नाव स्वच्छ होईल आणि माणसं गेलेली असतील.

आता गावाकडे चला. गाव सातारा जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही, कारण अशी गावं शेकड्यानं आहेत, एकाच गावाला नाक कशाला लावू. ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे आम्ही. पावसाळ्यात ओढा भरला की आम्ही आपोआप गावाबाहेर. एरवीही गावाबाहेरच. वस्तीचं नाव महारवाडा. आजी सांगते, लहानपणी बाजाराच्या गावी कुणी विचारलं 'कुठली गं तू?' तर ती म्हणायची, 'खालच्या अंगाची.' महारवाडा हा शब्द तिनं स्वतःच्या तोंडानं कधी उच्चारला नाही. दुसऱ्यांनी उच्चारला, हाक मारताना, शिवी देताना. दोन्हीत फरक नव्हता म्हणते. हाकेला ओ दिली की ढोर ओढायला जायचं नाहीतर सांगावा घेऊन पंधरा कोस पळायचं. म्हणून ज्या दोस्तानं मला राखणदार म्हटलं त्यानं एवढं ध्यानात घ्यावं. महारवाडा हा शब्द माझ्या आजीच्या कानात चाबकासारखा वाजतो. तो राखायला मी उभा नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या लोकांनी स्वतः होऊन बौद्धवाडा म्हणायला सुरुवात केली. कुणाचा जीआर नव्हता, कुणाची सही नव्हती. समाजमंदिराच्या भिंतीवर चुन्यानं लिहिलं, बस. गावानं ते नाव घेतलं नाही. गावात जे जरा शहाणे होते ते तोंडावर 'राजवाडा' म्हणायला लागले. राजवाडा! छपरातनं चांदण्या मोजता येतात असा राजवाडा. पाठ फिरली की पुन्हा म्हारवाडा. जुन्या मास्तरांच्या तोंडी तर हरिजनवाडा.

या हरिजनाची गोष्ट तुम्हाला ठाऊक पाहिजे. १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत आपल्या लोकांना कायद्यात 'हरिजन' म्हणायचं ठरलं. बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी विरोध केला, ऐकलं नाही, तेव्हा ते सभागृहातून उठून बाहेर गेले. एका शब्दासाठी! आज कुणी म्हणेल, शब्दात काय ठेवलंय, पोटाचं बघा. पोटाचं बघणारा त्यांच्याएवढा दुसरा कोण होता? तरी शब्दासाठी उठले. कारण ज्यांना नाव द्यायचं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून हा खेळ चालूच आहे. आपण 'दलित' म्हणालो, बंडखोर म्हणून म्हणालो, त्या शब्दावर संघटना उभ्या केल्या. २०१८ साली केंद्राच्या माहिती खात्यानं वाहिन्यांना सल्ला दिला की दलित शब्द वापरणं टाळा, अनुसूचित जाती म्हणा. त्यामागं कोर्टाचा आदेश होता, आणि कोर्टात जाणारेही आपल्यातलेच होते, हे लपवत नाही. आपल्यातही या शब्दावर दोन मतं आहेत. ती आपली आपण भांडून मिटवू. पण नाव देणारेही तेच आणि काढून घेणारेही तेच, आपण आपले बारशाला पाळण्यात झोपलेले!

आता मुद्द्याचा जीआर. २ डिसेंबर २०२० ला राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला की वस्त्यांची, रस्त्यांची जातीवाचक नावं काढायची. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशी नावं पुरोगामी महाराष्ट्राला शोभत नाहीत म्हणून. त्याऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. मला ते वाचून बरं वाटलं. खोटं का बोलू? आजीला वाचून दाखवला. पण त्याच यादीत महारवाड्याच्या शेजारी बौद्धवाडाही बसवलेला होता. म्हणजे गावानं आमच्या कपाळी मारलेलं नाव आणि आम्ही धम्म घेऊन स्वतः लावलेलं नाव, दोन्ही सरकारच्या लेखी सारखीच घाण. तिथं माझं डोकं फिरलं.

आणि ब्राह्मणवाडा? त्या नावानं ब्राह्मणआळीतल्या कुणाचा घास कधी अडला होता? नाव एकाच यादीत घातलं म्हणून चटके सारखे होत नाहीत. एकाच्या पत्त्यानं त्याला आत घेतात, दुसऱ्याच्या पत्त्यानं त्याला बाहेर उभा करतात.

तर २०२१ मध्ये आमच्याकडे ग्रामसभा झाली. नाव आधीच ठरून आलेलं होतं, समतानगर. वाचलं, मंजूर म्हणाले, चहा झाला. वस्तीतल्या बाया त्या सभेला नव्हत्या, पाण्याला गेल्या होत्या. आठवड्यानं पाटी आली. आजीनं जाऊन पाटीला हात लावून बघितला. तिला वाचता येत नाही. मला फोनवर म्हणाली, 'गुळगुळीत हाय रं.' मी विचारलं, 'तुला इचारलं असतं तर काय नाव ठिवलं असतंस?' म्हणाली, 'हिरीचं.' गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते तेव्हा वस्तीनं ओढ्याकाठी स्वतः विहीर खणली होती. आजीनं त्यात माती उपसलीय. ती विहीर म्हणजे तिच्या दृष्टीनं वस्ती. हे नाव ग्रामसेवकाच्या डोक्यात जन्मात आलं नसतं.

२०२२ मध्ये माझी चुलती वारली. आमच्या मसणवटीची वाट एका बागायतदाराच्या शेताच्या कडेनं जाते. त्या वर्षी त्यानं तारेचं कुंपण घातलं होतं. सकाळी नऊ वाजता तिरडी निघाली, दुपारी तीनपर्यंत कुंपणाशी उभी. शेवटी ओढ्याच्या काठावर, तिच्याच विहिरीपासून हाकेच्या अंतरावर अग्नी दिला. मी मुंबईहून पोचलो तेव्हा राख निवत होती.

तक्रार मी लिहिली. मी म्याट्रिक ना! मोठ्या अभिमानानं वर लिहिलं, 'राहणार समतानगर.' चौकीतला माणूस वाचून म्हणाला, 'हे कुठं आलं?' मी सांगितलं. तो म्हणाला, 'म्हंजी म्हारवाडाच न्हवं?' आणि अर्ज बाजूला ठेवला. बरं, हा झाला मग्रूर. पण तलाठ्याकडे गेलो, तो बिचारा सरळ माणूस. दप्तर उघडून म्हणाला, 'बाळा, समतानगर नावाची वस्तीच माझ्याकडे नाही. आणि तिथनं मसणवटीला वाट आहे असंही कुठं नाही.' ग्रामपंचायतीनं पाटी बदलली होती, महसुलाच्या कागदाला त्याचा पत्ताच नव्हता.

मग चळवळीतल्या एका वकिलाला धरलं. तो म्हणाला, जुना नकाशा काढ. अभिलेख कक्षात दोन खेपा घातल्या, दोन दिवसांची मजुरी बुडाली. नकाशा निघाला, पिवळा, घड्यांवर फाटलेला. त्यात काय होतं? 'महारवाडा.' तिथून तुटक रेघेची वाट. वाटेच्या टोकाला 'महारांची मसणवट.' मित्रहो, जो शब्द वाचून माझ्या आजीच्या अंगावर काटा येतो, तोच शब्द त्या दिवशी आमच्या बाजूनं साक्षीला उभा राहिला. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. वाट अडवली तर तहसीलदाराकडे दावा लावता येतो, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हे लिहून घ्या, कुणाला ना कुणाला लागेल. आम्ही सहाव्या महिन्यात लावला. कुंपण मागं सरकलं. पूर्ण नाही, पण तिरडी जाते.

दाव्याच्या कागदावर वकिलानं लिहिलं होतं, 'समतानगर, पूर्वीचा महारवाडा.' बाप म्हणाला, हे 'पूर्वीचा' कशाला? मी म्हटलं, बाबा, आपली वाट त्या 'पूर्वीचा' मधून जाते.

ही गोष्ट फक्त वाटेची नाही. महारकीचं वतन कायद्यानं गेलं, १ ऑगस्ट १९५९ पासून. हाडकी-हाडोळ्याच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि कब्जेहक्काची रक्कम भरली तर नव्या शर्तीनं परत, असं होतं. ज्यांच्याकडे पैसा होता, कागद होता, त्यांना मिळाल्या. बाकीच्यांच्या कुठं गेल्या ते सातबारे काढून बघा. नव्या शर्तीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, तरी विकली जाते. २०२५ मध्ये पुण्यात मुंढव्याच्या महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार केवढा गाजला ते पेपरात वाचलंच असेल. तो गाजला कशावरून? कागदावर 'महार वतन' हे दोन शब्द होते म्हणून. ते शब्द पुसा, मग ती जमीन म्हणजे नुसती मोक्याची जागा. आमच्या नावाला घाण म्हणून पुसणारे कधीकधी आमच्या जमिनीची खूणही पुसत असतात. सगळेच मुद्दाम पुसतात असं नाही म्हणत. काही जण निव्वळ पुरोगामी असतात.

आता तुम्ही म्हणाल, मग नामांतराला का नाचलास? मराठवाडा विद्यापीठाचं सांगतो. त्या वेळी मी जन्मलोही नव्हतो, बापाकडून ऐकलं. २७ जुलै १९७८ ला दोन्ही सभागृहांनी ठराव केला. गावोगाव आमच्या वस्त्या पेटवल्या. टेंभुर्णीत पोचिराम कांबळेला मारलं. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, ते पण विस्तार करून, मराठवाडा शब्द शेपटाला ठेवून. त्याच्या आदल्या वर्षी नांदेडात गौतम वाघमारेनं स्वतःला पेटवून घेतलं होतं. सोळा वर्षं. ते नाव वरून आलेलं नव्हतं, खालून खेचून लावलेलं होतं. म्हणून त्या कमानीखालून जाताना आपला माणूस आजही मान वर करतो. समतानगरच्या पाटीखालून जाताना कुणाची मान वर झालेली मी बघितली नाही.

उलट बीडीडी चाळींचं बघा. २०२२ मध्ये विधिमंडळात गृहनिर्माणमंत्र्यांनी जाहीर केलं, पुनर्विकास झाला की वरळीला बाळासाहेब ठाकरे नगर, ना. म. जोशी मार्गाला राजीव गांधी नगर, नायगावला शरद पवार नगर. सत्तेत पक्ष तीन, चाळींच्या जागा तीन. वाटणी चोख. जानेवारी १९७४ मध्ये याच वरळीच्या चाळींत पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली, त्याच आठवड्यात भागवत जाधव मोर्च्यात मारला गेला. त्या चाळींत शंभर वर्षं संसार करणाऱ्या गिरणी कामगारांना, आपल्या लोकांना कुणी विचारलं होतं? ना. म. जोशी तरी कामगारांचा माणूस होता. लोक अजून डिलाईल रोड म्हणतात तो भाग वेगळा.

एवढं झाल्यावर आपल्या ठरावाकडे येतो. आता शिव्या द्यायला तयार राहा.

आपल्या बंदरावरच्या वस्तीत गल्ल्या पाच. त्यातल्या दोन आपल्या. एक तमिळ लोकांची, ते आपल्याही आधीपासून तिथं आहेत. एक मुसलमानांची, जहाजतोडीवर जाणारे. एक सगळी मिसळ, यूपी-बिहारचे, दोन घरं नेपाळी. आपल्या ठरावाला हात वर केले कुणी? दोन गल्ल्यांनी. तिसऱ्या गल्लीतल्या अण्णांना मी विचारलं, तुम्हाला ठाऊक आहे का नाव बदलतंय? ते म्हणाले, 'कौन बदलता?' मित्रहो, आपण ग्रामसेवक झालो! नाव आधी ठरवून आणलं, मंजूर म्हणालो, चहा झाला. बाबासाहेबांचं नाव म्हणून आपला गुन्हा माफ होत नाही. त्यांच्याच नावावर आपण तो करतोय म्हणून उलट जास्त लाज वाटली पाहिजे.

दुसरी गोष्ट कागदाची. ही जमीन बंदराची, म्हणजे केंद्र सरकारची. राज्याच्या झोपडपट्टी योजना तिथं दारातच अडतात. नोटिसा येतात त्या बंदराच्या नावानं. आपली विजेची बिलं, रेशनकार्डं, पोरांचे शाळेचे दाखले सगळे बंदराच्या नावानं. तीस-तीस वर्षांचे. उद्या कोर्टात उभं राहून सांगायचंय की आम्ही इथं इतकी वर्षं आहोत. आणि अर्ध्या कागदांवर भीमनगर असलं तर समोरचा वकील विचारणार, भीमनगर ही वस्ती कधीपासूनची? पाटीवरची तारीख दाखवणार! माझ्या चुलतीची तिरडी कुंपणाशी उभी राहिली ती मला विसरता येत नाही. कागदावर नसलेल्या नावानं तिथं वाट मिळत नाही हे मी शिकलोय.

तिसरी गोष्ट बोलायला जड आहे. भीमनगर, सिद्धार्थनगर, मिलिंदनगर, पंचशीलनगर, रमाबाई नगर. आपण अभिमानानं ठेवलेली नावं. पण खोली भाड्यानं देणारा दलाल हे ऐकून काय ओळखतो? पोलीस काय ओळखतो? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेवरून लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांनी गोळ्या घालून दहा माणसं मारली. त्या नावाला तिथं कुणी समता दिली? जात जुन्या पाटीवरून उठते आणि नव्या पाटीवर जाऊन बसते, कावळ्यासारखी.

म्हणून काय ही नावं ठेवायची नाहीत? ठेवायची! ओळखतात तर ओळखू देत. बौद्धवाडा आणि समतानगर यांत मला निवडायला सांगितलं तर मी बौद्धवाडा निवडीन. त्यात आम्ही कोण आहोत ते छाती पुढं काढून सांगितलंय. समतानगरमध्ये ते झाकलंय, आणि झाकूनही चौकीतल्या माणसाला तीन सेकंदांत कळलंय. माझं भांडण बाबासाहेबांच्या नावाशी नाही. माझं भांडण आपल्या घाईशी आहे.

जाता जाता १४ एप्रिलचं सांगतो, कारण आपल्या गोदीत ती तारीख दोनदा येते. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज फुटलं. कापूस आणि स्फोटकं एकाच जहाजात. आग विझवताना मेलेल्या बंबवाल्यांची आठवण दर वर्षी काढतात, काढायलाच पाहिजे, ती कामाची माणसं होती. पण त्या दिवशी गोदीत किती हमाल मेले याचा आकडा आजही अंदाजानंच सांगतात. नावं तर सोडाच. व्हिक्टोरियाचं नाव राहिलं, जहाजाचं राहिलं. बापाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, 'टोळीत हजेरी मुकादमाच्या नावानं लागायची.' मला वाटतं आपल्या वाचनालयाच्या पोरांनी जुन्या माणसांकडे बसून सापडतील तेवढी नावं गोळा करावीत. एक गल्ली त्यांच्या नावानं करता आली तर मला भीमनगरइतकंच बरं वाटेल. बाबासाहेब मजूरमंत्री होते तेव्हा. व्हाइसरॉयच्या मंडळात. एवढं सांगून ठेवतो.

तर माझी दुरुस्ती अशी. वस्तीचं बंदराचं नाव कागदावर तसंच राहू द्या, निदान खटला संपेपर्यंत. आपल्या दोन गल्ल्यांना आणि वाचनालयाला भीमनगर नाव आजच द्या, त्याला माझे दोन्ही हात वर. बाकी तीन गल्ल्यांत रविवारी जाऊ. अण्णांकडे मी जातो, मला तोडकीमोडकी तमिळ येते, गोदीत शिकलो, बहुतेक शिव्याच आहेत पण चालेल. ज्याच्या घरी जुनं बिल, जुनी पावती असेल त्यानं तिची झेरॉक्स काढून आणावी. आणि बायांना पाण्याच्या वेळेला सभा बोलवू नका.

पाटीसाठी पत्रा मी आणून ठेवलाय, सहा बाय तीन, गोदीतल्या भंगारातला, पैसे देऊन घेतलाय, पावती आहे. रंग तुम्ही आणा. काय लिहायचं ते पाचही गल्ल्यांचं बोलणं होईपर्यंत पत्रा माझ्या खाटेखाली आहे.